गाठ दुखत नाही, म्हणून थांबू नका

‘आमच्या घरात कुणालाच नव्हता, मग मला कसा होईल?’ मीरा-भाईंदर असो की मुंबई, स्तनाच्या कर्करोगाचा विषय निघाला की हा प्रश्न येतोच. खरं तर बहुतेक रुग्णांच्या घरात हा आजार आधी कुणालाच झालेला नसतो. वयाबरोबर धोका वाढतो. क्वचित पुरुषांनाही तो होतो, शंभर रुग्णांत जेमतेम एक.

तपासणीला दर वेळी मशीनच लागतं असं नाही. परळच्या टाटा रुग्णालयाने १९९८पासून मुंबईतल्या वस्त्यांमधल्या दीड लाखाहून अधिक महिलांचा अभ्यास केला. त्यातल्या निम्म्या जणींची प्रशिक्षित आरोग्यसेविकांनी दर दोन वर्षांनी हाताने तपासणी केली. त्या गटात पन्नाशीपुढच्या महिलांचे या आजाराने होणारे मृत्यू जवळपास ३० टक्क्यांनी घटले. पन्नाशीच्या आत तसा फरक दिसला नाही, तरीही केवळ बोटांच्या स्पर्शाने इतके जीव वाचावेत, ही फार मोठी गोष्ट आहे.

सुरुवातीची गाठ बहुधा दुखत नाही, म्हणूनच ती अंगावर काढली जाते. काखेतली गाठ, आत ओढलं गेलेलं स्तनाग्र, त्यातून येणारं रक्त, कातडीला पडलेली खळी, यांपैकी काहीही दिसलं तर त्याच आठवड्यात डॉक्टरांना दाखवा. आईला, सासूबाईंनाही सोबत न्या.