फळ्यावरची शेळी

पहिलीत वाचन शिकवण्याची आपल्याकडची रुळलेली वाट म्हणजे आधी मुळाक्षरे, मग बाराखडी, मग शब्द आणि सर्वांत शेवटी वाक्य. या वाटेवर मूल महिनोन्‌महिने अक्षरे गिरवते, घोकते. पण त्याला काही सांगणारी एकही ओळ त्याच्या वाट्याला येत नाही. ‘ङ’ आणि ‘ञ’ तर पुढेही क्वचितच भेटतात. वाचायचे कशासाठी हेच न कळल्याने अनेकांची गोडी इथेच आटते.

अक्षरांचा क्रम बदलला की चित्र पालटते. क, म, न, ल, ब ही पाच अक्षरे आणि जोडीला काना, एवढ्यावर काका, मामा, बाबा, नाक, कान, काम, लाल, मला असे शब्द वाचता येतात. वेलांटी आली की मामी आणि काकीही येतात. अक्षरांचे असे गट पाडून शिकवण्याची पद्धत मराठीत रुजवण्यात फलटणच्या प्रगत शिक्षण संस्थेच्या संस्थापक मॅक्सीन बर्नसन यांचा मोठा वाटा आहे. अमेरिकेत जन्मलेल्या या भाषाअभ्यासक फलटणला स्थायिक झाल्या. १९८६ साली तिथे कमला निंबकर बालभवन ही मराठी माध्यमाची शाळा सुरू झाली.

न्यूझीलंडमध्ये माओरी मुलांना शिकवणाऱ्या सिल्व्हिया अ‍ॅश्टन-वॉर्नर आणखी पुढे गेल्या. त्या प्रत्येक मुलाला त्याला हवा असलेला शब्द विचारत आणि तो कार्डावर लिहून देत. मनातून आलेला शब्द मूल एका नजरेत ओळखे. जो ओळखता येत नसे, ते कार्ड त्या बाजूला काढत. ‘टीचर’ या १९६३ सालच्या पुस्तकात त्यांनी हे सविस्तर मांडले आहे.

हे करायला खडू आणि फळा पुरतो. दुसरीतले मूल म्हणते, “बाई, आमच्या शेळीला काल दोन करडं झाली.” बाईंनी ते वाक्य त्याच्याच शब्दांत फळ्यावर लिहावे. ‘शेळी’ कुठे आणि ‘करडं’ कुठे, हे त्याला अंदाजाने सापडते, कारण वाक्य त्याला आधीच पाठ असते. घरची बोली अहिराणी, वारली किंवा मालवणी असेल, तर तिचा शब्दही फळ्यावर यावा. प्रमाण मराठीचा शब्द शेजारी लिहिता येतो.

लेखनाची वाटही हीच. उद्या त्या मुलाने वहीत ‘शेळि’ लिहिले, तर लाल शाईचा गोल नंतर, आधी प्रश्न: “दुसऱ्या करडाचा रंग कोणता?” या प्रश्नाने पुढचे वाक्य येते. ऱ्हस्व-दीर्घाचा धडा दुसऱ्या दिवशी सगळ्या वर्गाला मिळून द्यावा. धड्यातले उतारे उतरवून घेतल्याने अक्षर सुधारते, पण त्याला लेखन म्हणता येणार नाही.

स्वतःची वाक्ये थोडीच पुरतात. पुढे पुस्तके लागतात, आणि ती मोठ्याने वाचून दाखवणारे माणूसही. शिक्षकांनी रोज पंधरा मिनिटे गोष्ट वाचावी, बोट ओळीखालून फिरवावे, मध्येच थांबून पुढे काय होईल ते विचारावे. मराठीत या वयासाठी माधुरी पुरंदरे यांची चित्रमय पुस्तके आहेत. थोड्या मोठ्या मुलांसाठी बालभारतीचे ‘किशोर’ मासिक १९७१ पासून निघते आहे.

फाटतील म्हणून शाळेची पुस्तके कपाटात कुलूपबंद असतील, तर ती वर्गात दोरीवर, मुलांच्या हाताला येतील अशी टांगावीत. फाटलेले पान डिंकाने चिकटवता येते.