क्रियात्मक विवर्धक : प्रदान दाबाचा पल्ला

व्यवहारात ‘ऑप-ॲम्प’ या नावाने ओळखल्या जाणाऱ्या क्रियात्मक विवर्धकाचा प्रदान विद्युत् दाब ज्या दोन टोकांमध्ये विरूपण न होता बदलू शकतो, त्यांमधील अंतरास प्रदान दाबाचा पल्ला म्हणतात. विवर्धक स्वतः ऊर्जा निर्माण करीत नाही. पुरवठ्याकडून मिळणारी शक्ती तो आदान संकेतानुसार भाराकडे सोडतो. त्यामुळे प्रदान दाब पुरवठा दाबापलीकडे जाऊ शकत नाही व बहुतेक प्रकारांत तेथपर्यंतही पोहोचत नाही.

याचे कारण प्रदान टप्प्याच्या रचनेत आहे. फेअरचाइल्ड कंपनीने १९६८ मध्ये बाजारात आणलेल्या ७४१ या संकलित मंडलातील प्रदान ट्रँझिस्टर वाहता राहण्यासाठी त्याच्या आधार व उत्सर्जक यांमध्ये सु. ०·७ व्होल्ट दाब लागतो. त्याला प्रवाह पुरविणाऱ्या ट्रँझिस्टरात व रोधकातही काही दाब खर्ची पडतो. भार जड झाल्यास ही घट वाढते. ±१५ व्होल्ट पुरवठ्यावर १० किलोओहम भार असता प्रदान दाब सामान्यतः ±१४ व्होल्टपर्यंत, तर २ किलोओहम भार असता ±१३ व्होल्टपर्यंत जातो. किमान हमी मात्र अनुक्रमे ±१२ व ±१० व्होल्टचीच असते. मंडलाची आखणी हमीच्या आकड्यांवर करणे इष्ट असते.

मर्यादा ओलांडू पाहणाऱ्या तरंगाचे माथे सपाट कापले जातात. ध्वनीत हे विरूपण ऐकू येते. मापनात मात्र ते लपून राहते. उदा., एलएम ३५ हा तापमान-संवेदक दर अंश सेल्सियसला १० मिलिव्होल्ट देतो. त्याचा दाब एलएम ३५८ या विवर्धकाने दसपट केला व पुरवठा ५ व्होल्ट ठेवला, तर प्रदान दाब पुरवठ्याच्या सु. १·५ व्होल्ट खाली, म्हणजे ३·५ व्होल्टांवर अडतो. असे उपकरण जळगाव येथे हिवाळ्यात बिनचूक चालेल. परंतु मे महिन्यात पारा ४५° से. वर गेला, तरी ते ३५° से. एवढेच दाखवीत राहील. आकडा स्थिर व संभाव्य वाटत असल्याने चूक ध्यानात येत नाही. एकेरी पुरवठ्यावर ७४१ वापरल्यास दोष खालच्या टोकालाही येतो. त्याचा प्रदान दाब शून्याच्या वर सु. १ ते २ व्होल्टांवरच थांबत असल्याने धुळ्याकडील कडाक्याच्या थंडीतील पहाटेचे तापमान नोंदले जात नाही.

ऋण पुनःप्रदाय असलेल्या मंडलात दोन्ही आदान अग्रांवरील दाब जवळजवळ समान असतात. त्यांत स्पष्ट फरक आढळल्यास विवर्धक बहुधा मर्यादेला टेकला आहे, असे समजावे. लाभांक कमी करणे, पुरवठा दाब वाढविणे अथवा भार हलका करणे हे उपाय होत. वरील उदाहरणात लाभांक ५ केल्यास ४५° से. ला २·२५ व्होल्ट मिळतात व मापन पल्ल्यात राहते. पुरवठ्याच्या टोकांपर्यंत जाणारे विशेष विवर्धकही मिळतात. तथापि त्यांतही भारानुसार काही मिलिव्होल्टांची घट राहतेच.

उच्च कंप्रतेला आणखी एक बंधन येते. ७४१ चा प्रदान दाब मायक्रोसेकंदास सु. ०·५ व्होल्ट इतक्याच वेगाने बदलू शकत असल्याने १० व्होल्ट परमप्रसराचा ज्या-तरंग सु. ८ किलोहर्ट्झपर्यंतच अविकृत मिळतो.