अपंगत्व निवृत्तिवेतन, सैनिकी : अपील व फेरतपासणी

सैनिकी सेवेमुळे उद्‌भवलेल्या अथवा बळावलेल्या व्याधीबद्दल मिळणाऱ्या निवृत्तिवेतनाचा दावा नाकारला गेल्यास सैनिकास अपील करता येते. अशा अपिलात कित्येकदा अंतिम निवाडा न देता प्रकरण नव्या वैद्यकीय मंडळाकडे परत पाठविण्यात येते. यास प्रतिप्रेषण म्हणतात. त्याने दावा मान्य होत नाही, तसा संपतही नाही.

भूसेनेच्या १९६१ च्या निवृत्तिवेतन विनियमांनुसार व्याधीचा सेवेशी संबंध आणि किमान वीस टक्के अपंगत्व, या दोन्ही गोष्टी आवश्यक ठरल्या. टक्केवारीबाबत मतभेद क्वचित टोकाला जातात. खरा वाद संबंधाचा असतो. बंदुकीच्या गोळीची जखम उघड दिसते. अपस्मार, रक्तदाब किंवा मनोविकार यांचे मूळ मात्र सहज सांगता येत नाही. ‘व्याधी प्रकृतिगत आहे’ एवढा एकच शेरा मारून मंडळे असे दावे नाकारीत आली. धरमवीर सिंग प्रकरणात (२०१३) सर्वोच्च न्यायालयाने या रीतीस आळा घातला. भरतीच्या वेळी व्याधीची नोंद नसेल, तर नंतरची व्याधी सेवेमुळे झाली असे १९८२ च्या पात्रता नियमांनुसार गृहीत धरावे. उलट मत असल्यास मंडळाने कारणे द्यावीत. पुराव्याचा भार सैनिकावर नाही, असे न्यायालयाने स्पष्ट केले.

वैद्यकीय मंडळाने अनुकूल मत दिले असता लेखा अधिकाऱ्यांनी सैनिकास न तपासताच ते डावलल्याची उदाहरणेही आहेत. हे गैर असल्याचे न्यायालयाने १९९३ मध्येच सांगितले होते.

दोन खात्यांतर्गत अपिलांनंतर सशस्त्र सेना न्यायाधिकरणाकडे जाता येते. २००७ च्या अधिनियमान्वये स्थापन झालेल्या या न्यायाधिकरणाचे कामकाज २००९ मध्ये सुरू झाले. पुण्यातील धायरीसारख्या उपनगरात स्थायिक झालेल्या माजी जवानाची सेवापत्रे त्याच्या रेजिमेंटच्या अभिलेख कार्यालयात, निवृत्तिवेतनाची मंजुरी प्रयागराजच्या लेखा कार्यालयात आणि सुनावणी मुंबई पीठापुढे, अशी विभागणी असते. साहजिकच प्रकरण परत गेले की कागदांचा प्रवास पुन्हा सुरू होतो.

फेरतपासणीतील मुख्य अडचण काळाची आहे. नव्या मंडळापुढे येणारा मनुष्य वृद्ध असतो, पण मत द्यायचे असते त्याच्या सेवामुक्तीच्या वेळच्या स्थितीविषयी. १९७७ मध्ये मनोविकाराच्या कारणाने सेवामुक्त झालेल्या एका सैनिकाचे प्रकरण सर्वोच्च न्यायालयाने २०१३ मध्ये, म्हणजे छत्तीस वर्षांनी, पुनर्विलोकन मंडळाकडे पाठविले. मूळ मंडळाने मनोविकारतज्ज्ञाचे त्रोटक टिपण जसेच्या तसे स्वीकारले होते. मंडळाचे मत आदरणीय असले, तरी न्यायालयीन तपासणीपलीकडचे नाही, हे त्या निकालाचे महत्त्व होय. अशा वेळी भरतीचे वैद्यकीय पत्रक, रुग्णालयीन नोंदी आणि सेवेच्या ठिकाणांचा तपशील हाच आधार उरतो.

विलंबाची झळ थकबाकीलाही लागते. दावा उशिरा दाखल झाल्यास थकबाकी सामान्यतः त्यापूर्वीच्या तीन वर्षांपुरतीच मिळते, असा २००८ चा निर्णय आहे.

अमेरिकेतही माजी सैनिकांची अपिले मंडळाकडून कनिष्ठ कार्यालयाकडे परत जाण्याचे प्रकार नेहमीचे आहेत. भारतात २१ सप्टेंबर २०२३ पासून नवे पात्रता नियम लागू झाले. त्यापूर्वी सेवामुक्त झालेल्यांचे दावे मात्र जुन्या नियमांनुसारच तपासले जातात.