चार्जर गरम होतोय? आधी नेमकं काय तापतंय ते बघा

"चार्जर खूप गरम होतोय, बदलू का?" हा प्रश्न उन्हाळा सुरू झाला की मला सतत विचारला जातो. माझं उत्तर ठरलेलं असतं: दुकानात जाण्याआधी नेमकं काय तापतंय ते शोधा. चार्जरची डबी, सॉकेटमधल्या पिना, केबलचं टोक की फोन? प्रत्येकाचं कारण वेगळं आणि उपायही वेगळा. यातली काही उष्णता अगदी नॉर्मल असते, पण काही वेळा दुर्लक्ष केलं तर आग लागू शकते.

चार्जर मुळात गरम का होतो?

घरातल्या सॉकेटमध्ये साधारण 230 व्होल्टची एसी वीज असते. फोनला मात्र 5 किंवा 9 व्होल्ट अशी कमी दाबाची डीसी वीज लागते. हा बदल चार्जर करतो आणि त्यात थोडी वीज वाया जाते. समजा चार्जर 20 वॉटचा आहे आणि त्याची कार्यक्षमता 85 टक्के आहे. मग फोनला 20 वॉट द्यायला तो सॉकेटमधून सुमारे 23.5 वॉट घेतो. मधल्या 3.5 वॉटची उष्णता होते. मुठीत मावणाऱ्या त्या बंद डबीत ना पंखा, ना हवा खेळायला जागा. ती गरम होणारच!

फास्ट चार्जिंगमध्ये ही उष्णता सुरुवातीला जास्त असते. बॅटरी भरत आली की फोन कमी वीज घेतो आणि चार्जरही निवत जातो. फोन फुल झाल्यावरही चार्जर तापलेलाच असेल, तर मात्र संशय घ्या.

आता एकेक जागा तपासू. हात कोरडे ठेवा आणि आधी सॉकेटचं बटण बंद करा.

1. फक्त चार्जरची डबी गरम
माझा नियम साधा आहे. डबीवर बोटं ठेवा. 5 सेकंद आरामात ठेवता आली तर काळजी नको. चटका बसून हात मागे आला, तर आधी बघा की चार्जर गादी, उशी किंवा पडद्याआड दाबला गेला होता का. मोकळ्या हवेतही तसाच तापत असेल तर तो बाद करा.

2. डबीपेक्षा पिना जास्त गरम
ही सगळ्यात गंभीर खूण. 20 वॉटचा चार्जर सॉकेटमधून जेमतेम 0.1 अँपिअर करंट घेतो. एवढ्याने घट्ट बसलेल्या पिना तापत नाहीत. म्हणजे सॉकेट सैल असेल, आत ठिणग्या उडत असतील किंवा त्याच एक्स्टेंशन बोर्डवर इस्त्री, हीटरसारखं काही चालू असेल. इथे नवीन चार्जर घेऊन उपयोग नाही. सॉकेट काळं पडलं असेल तर ते वापरणं थांबवा आणि वायरमनला बोलवा.

3. केबलचं टोक गरम
केबलमधून तीच वीज कमी व्होल्टेजवर जाते, त्यामुळे करंट खूप वाढतो. 9 व्होल्टवर 20 वॉट म्हणजे जवळपास 2.2 अँपिअर. म्हणून फोनच्या पोर्टमधला कचरा, ओलावा किंवा वाकलेली पिन लगेच जाणवते. फोन स्विच ऑफ करून लाकडी टूथपिकने हलक्या हाताने कचरा काढा. सुई किंवा सेफ्टी पिन अजिबात नको. केबल सोलली असेल तर टेप लावून दिवस काढू नका, बदला.

4. फक्त फोन गरम
चार्जिंग लावून गेम खेळणं, जाड कव्हर, खिडकीतलं ऊन ही नेहमीची कारणं. लिथियम-आयन बॅटरी साधारण 45 अंशांपर्यंतच चार्ज करायची असते. विदर्भात उन्हाळ्यात बाहेरची हवाच तिथे पोचते, म्हणून दुपारपेक्षा सकाळी चार्ज करणं चांगलं. फोन फ्रीजमध्ये ठेवू नका, आत पाणी धरतं. मागचं झाकण किंवा स्क्रीन उचललेली दिसली तर बॅटरी फुगली आहे. चार्जिंग बंद, थेट सर्व्हिस सेंटर.

दोष कळत नसेल तर?

एका वेळी एकच गोष्ट बदला. आधी दुसरं सॉकेट, मग दुसरी केबल, मग दुसरा चार्जर. जे बदलल्यावर तापणं थांबलं, दोष तिथेच.

नवीन चार्जर घेताना त्यावर बीआयएसचं चिन्ह आणि 'आर' अक्षरानंतर 8 आकडे असलेला नोंदणी क्रमांक बघा. हा क्रमांक बीआयएस केअर अ‍ॅपमध्ये टाकून खरा आहे का ते तपासता येतं. दोन मिनिटांचं काम आहे.

जळका वास, धूर किंवा वितळलेलं प्लॅस्टिक दिसलं तर चार्जर उपटायला जाऊ नका. आधी मेन स्विच बंद करा. वीज चालू असताना पाणी ओतू नका.

आणि हो, स्वतःचा चार्जर बघून झाला की आजी-आजोबांच्या उशाशी रात्रभर लावलेला चार्जरही बघा. तो उशीखाली असेल तर आजच टेबलावर आणा.