जुनी गाडी घेताय? आधी पार्ट मिळतात का ते बघा!

कळंबशेजारचं वालचंदनगर ज्यांच्या नावाचं, त्या वालचंद हिराचंदांनीच १९४४ मध्ये प्रीमियर ऑटोमोबाइल्स काढली. तिची पद्मिनी एकेकाळी मुंबईची टॅक्सी होती; आज तिच्या पार्टसाठी वणवण. जुन्या गाडीचा ब्रँड बघायचा तो यासाठीच. शेवरोलेने २०१७ अखेर भारतातली विक्री थांबवली, फोर्डने २०२१ मध्ये इथलं उत्पादन गुंडाळायचं जाहीर केलं. फोर्डची फिगो चालवायला झकास, पण स्वस्तात का मिळतेय हे ओळखा!

माझी पसंती पेट्रोल वॅगनआर किंवा स्विफ्ट. गावातला फिटरही डोळे झाकून खोलतो. उसाच्या कच्च्या वाटांना मात्र बोलेरोच. आरसीवर बोजा असेल तर बँकेची एनओसी आणि फॉर्म ३५ मिळाल्याशिवाय पूर्ण पैसे देऊ नका.