काचपेटीत सोबत नांदणारे सिक्लिड मासे

नेकनूरच्या आठवडी बाजारात बैल घेणारा शेतकरी जनावराचे दात, खांदा व चाल पाहतो. परंतु त्याबरोबरच ते गरीब आहे की मारके, याचीही चौकशी केल्यावाचून तो पैसे मोजत नाही. मारके जनावर दावणीला बांधले तर शेजारच्या जनावरांस इजा होते, हे त्यास ठाऊक असते. शोभेचे मासे विकत घेताना मात्र ही चौकशी बहुधा होत नाही. शहरातील दुकानात रंग पाहून पाच-सहा प्रकारचे मासे एकाच पिशवीत आणले जातात, ते एकाच काचपेटीत सोडले जातात आणि महिन्याभरात त्यांतील निम्मे मरून जातात. शाळेत, ग्रामपंचायतीच्या कार्यालयात अथवा घरी काचपेटी ठेवणारांचे पैसे व श्रम अशा रीतीने वाया जाऊ नयेत, म्हणून सिक्लिड या कुळातील माशांची निवड कशी करावी, याची माहिती येथे दिली आहे.

सिक्लिड म्हणजे कोणते मासे?

हे कूळ मुख्यतः आफ्रिका व अमेरिका या खंडांतील असून त्यात सतराशेहून अधिक जाती आहेत. भारतात मूळच्या तीनच जाती आढळतात. त्यांपैकी कालुंदर हा कोकणातील खाड्यांत मिळणारा खाण्याचा मासा होय. आपल्या भागात ज्यास चिलापी म्हणतात तो टिलापियाही याच कुळातील. तो मूळचा आफ्रिकेतील असून भारतात १९५२ साली आणला गेला.

या कुळाचे दोन गुण ध्यानात ठेवावेत. पहिला असा की, हे मासे आपली अंडी व पिले सांभाळतात. दुसरा गुण पहिल्यातूनच येतो. पिलांसाठी ते पेटीतील एखादी जागा आपली म्हणून राखतात व तेथे येणाऱ्या माशास हुसकून लावतात. हा स्वभाव सर्व जातींत सारखा तीव्र नसतो. काही जाती केवळ वीण काढण्याच्या काळात रागीट होतात, तर काही बाराही महिने मारक्या असतात. सामाईक पेटीसाठी पहिल्या प्रकारच्याच जाती घ्याव्यात.

प्रथम पाण्याची परीक्षा

जमिनीचा मगदूर पाहून पीक ठरवावे, तसे पाणी पाहून मासा ठरवावा. बालाघाटाच्या काळ्या खडकातील विहिरींचे व बोअरचे पाणी बहुधा जड असते. ज्या पाण्यात साबणाला फेस येत नाही, डाळ लवकर शिजत नाही व भांड्याच्या तळाशी पांढरा थर बसतो, ते पाणी जड समजावे. अशा पाण्यात जड पाणी सोसणारे मासेच टिकतात. पावसाळ्यात पन्हाळीचे स्वच्छ पाणी साठवून ते विहिरीच्या पाण्यात मिसळल्यास जडपणा कमी होतो.

दुसरी गोष्ट ब्लीचिंग पावडरीची. पिण्याच्या विहिरीत व टँकरच्या पाण्यात ती टाकलेली असते आणि माणसास हितकारक असलेले हे औषध माशांच्या कल्ल्यांस घातक ठरते. यासाठी पाणी रुंद तोंडाच्या भांड्यात निदान एक दिवस उघडे ठेवावे, मधून मधून ढवळावे व नंतरच पेटीत घालावे.

पेटीची तयारी

सिक्लिड माशांच्या सामाईक पेटीसाठी ९० सेंटिमीटर लांब, ४५ रुंद व ४५ उंच अशी पेटी सोयीची पडते. तीत सुमारे १८० लिटर पाणी मावते, म्हणजे नुसत्या पाण्याचेच वजन १८० किलोच्या आसपास होते. पेटी डळमळीत टेबलावर ठेवू नये. तळाशी धुतलेली बारीक वाळू पसरावी आणि दगड, मातीची फुटकी मडकी व पाणवनस्पती यांच्या साहाय्याने पेटीचे निरनिराळे भाग पाडावेत. शेतांना जसे बांध, तसे माशांना हे आडोसे होत. एका माशास दुसरा सतत दिसत नसेल तर तंटे पुष्कळ कमी होतात.

पेटी भरताच मासे सोडणे ही सर्वांत मोठी चूक होय. माशांच्या मलमूत्रातून अमोनिया तयार होतो व तो विषारी असतो. शेतात युरिया टाकल्यावर त्यापासून होणाऱ्या अमोनियाचे जमिनीतील जीवाणू प्रथम नायट्राइट व मग नायट्रेट बनवितात. हेच काम पेटीतील वाळूत व गाळणीत वाढणारे जीवाणू करतात. त्यांची पुरेशी वाढ होण्यास चार ते सहा आठवडे लागतात. या अवधीत गाळणी चालू ठेवून रोज चिमूटभर खाद्य पाण्यात टाकावे, म्हणजे जीवाणूंस अन्न मिळते. गाळणीचा स्पंज पुढे कधीही नळाखाली धुऊ नये. पेटीतून काढलेल्या पाण्यातच तो पिळून घ्यावा.

कोणत्या जाती निवडाव्यात?

ऑरेंज क्रोमाइड : दक्षिण भारताच्या किनारपट्टीवरील हा आपलाच मासा होय. तो सुमारे ८ सेंटिमीटर वाढतो, जड पाणी त्यास मानवते आणि पाच-सहांच्या थव्यात तो समाधानाने राहतो.

क्रिबेन्सिस : हा नायजेरियाकडील मासा ८ ते १० सेंटिमीटर लांब होतो. मादीचे पोट लाल दिसते. आडव्या ठेवलेल्या मडक्यात तो अंडी घालतो. त्या काळात तळाशी फिरणाऱ्या इतर माशांस तो मारतो, म्हणून पेटीत एकच जोडी ठेवावी.

बोलिव्हियन रॅम : सुमारे ८ सेंटिमीटर वाढणारा हा मासा काटक व शांत असून नवशिक्यास योग्य आहे. याचाच भाऊबंद असलेला निळा रॅम अधिक सुंदर दिसतो, परंतु त्यास मृदू व ऊबदार पाणी लागते. जड पाण्यात तो फार काळ टिकत नाही.

कीहोल सिक्लिड : १० ते १२ सेंटिमीटर वाढणारा हा अत्यंत भित्रा मासा होय. लपण्यास भरपूर आडोसे दिल्यासच तो खुलतो.

एंजल फिश : उंच पेटीत हा मासा शोभून दिसतो. लहानपणी तो गरीब वाटतो, परंतु पूर्ण वाढल्यावर तोंडात मावतील ते लहान मासे गिळतो. म्हणून त्याच्यासोबत बारीक मासे ठेवू नयेत.

याउलट ऑस्कर, फ्लॉवरहॉर्न, जॅक डेम्प्सी व कन्व्हिक्ट या जाती सामाईक पेटीत कधीही सोडू नयेत. दुकानात बोटभर दिसणारा ऑस्कर पुढे ३० सेंटिमीटरपर्यंत वाढतो व सोबत्यांस खाऊन टाकतो.

सोबती व संख्या

सिक्लिड बहुधा तळाशी वावरतात. म्हणून सोबती मधल्या व वरच्या थरात पोहणारे असावेत. जड पाण्यात मॉली व प्लॅटी चांगले राहतात. झेब्रा डॅनिओ हाही चपळ व काटक सोबती आहे. वर सांगितलेल्या पेटीत क्रिबेन्सिसची किंवा रॅमची एक जोडी व आठ-दहा लहान मासे, अथवा पाच-सहा क्रोमाइड व सहा मॉली एवढी संख्या पुरे. नवे मासे प्रथम दोन-तीन आठवडे वेगळ्या टबात ठेवून ते निरोगी असल्याची खात्री करावी. सोबती मासे आधी सोडावेत व सिक्लिड शेवटी, म्हणजे ते संपूर्ण पेटीवर हक्क सांगत नाहीत.

उन्हाळ्याची काळजी

बीड जिल्ह्यात पाण्याची टंचाई नवी नाही. आठवड्यास पेटीतील चतुर्थांश, म्हणजे सुमारे ४५ लिटर पाणी बदलावे लागते. ज्या घरी चैत्र-वैशाखात पिण्याचे पाणी विकत घ्यावे लागते, त्या घराने मोठ्या पेटीचा विचार करू नये, हेच हिताचे. काढलेले पाणी फेकू नये. त्यात नत्र असल्याने परसबागेतील भाजीस ते उपयोगी पडते.

पाणी तापले की त्यातील प्राणवायू घटतो. २० अंश सेल्सिअसला एक लिटर पाण्यात सुमारे ९ मिलिग्रॅम प्राणवायू राहू शकतो, तर ३० अंशांस साडेसात मिलिग्रॅमच. अशा वेळी वीज गेली तर दाटीने भरलेल्या पेटीतील मासे गुदमरतात. पेटी उन्हापासून दूर ठेवावी आणि वीज नसताना तांब्याने पाणी उचलून वरून धार धरावी. हिवाळ्यात पाणी २४ अंशांखाली जाऊ लागल्यास हीटर लावावा. नवी पेटी आश्विनात सुरू करणे सर्वांत सोयीचे.

पेटीतील मासा बाहेर सोडू नये

नकोसा झालेला मासा विहिरीत, तलावात किंवा नदीत कदापि सोडू नये. चिलापीचे उदाहरण डोळ्यांसमोर आहे. लवकर वयात येऊन वारंवार विणारा हा मासा तलावात बेसुमार वाढतो, स्वतः खुरटा राहतो व कटला, रोहू, मृगळ यांचे अन्न खातो. मांजरा नदी याच बालाघाटात उगम पावून गोदावरीस मिळते. येथे सोडलेला मासा कोठवर जाईल, हे कोणासही सांगता येणार नाही. नकोसा मासा दुकानदारास परत द्यावा किंवा दुसऱ्या पेटीवाल्यास द्यावा.

शोभेच्या माशांची पैदास हा जोडधंदाही होऊ शकतो. २०२० साली सुरू झालेल्या प्रधानमंत्री मत्स्य संपदा योजनेत त्यासाठी अर्थसाहाय्याची तरतूद करण्यात आली. सध्या कोणती मदत मिळते, हे जिल्ह्याच्या मत्स्यव्यवसाय कार्यालयात विचारावे. तथापि धंद्यात पैसे गुंतविण्यापूर्वी एक पेटी वर्षभर नीट चालवून पाहावी. जी पेटी एक उन्हाळा व एक हिवाळा मासे न दगावता पार पाडील, तिनेच तिच्या मालकास पुढचे पाऊल टाकण्याचा अधिकार दिला असे समजावे.