सही कुणाची?

सुनेची चोरओटी होऊन आठवडाही झाला नव्हता. एका पहाटे तिच्या पोटात कळा सुरू झाल्या आणि दुपारपर्यंत सारे संपले. पाचवा महिना होता. मुलगा खिडकीशी पाठमोरा उभा. अशा वेळी घरातल्या मोठ्या माणसाने पुढे व्हायचे, ही आपल्याकडची रीत. मी पुढे झाले.

तरुण डॉक्टरीणबाई एक कागद घेऊन आल्या. गर्भ वैद्यकीय अभ्यासासाठी द्यायची इच्छा आहे का, असे त्यांनी हळूच विचारले. हे तिच्या कानांवर पडायलाच नको, म्हणून मी पेन उघडले.

"काकू, सही त्यांचीच लागेल. गुंगी उतरली की विचारू. नाही म्हणाल्या तरी चालेल."

मला राग आला. आधीच खचलेल्या पोरीला हे विचारायचे?

पुढे चौकशी केली तेव्हा उमगले, की चूक माझीच होत होती. १९७१ च्या गर्भपात कायद्यातही सज्ञान स्त्रीची स्वतःची संमती पुरते, नवऱ्याची लागत नाही. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या २०१७ च्या स्टेम सेलविषयक मार्गदर्शक सूचना सांगतात, की गर्भपाताची संमती वेगळी घ्यावी आणि गर्भाच्या ऊती देण्याची वेगळी. एकीत दुसरी गृहीत धरायची नाही. दान नसेल, तर २०१६ च्या जैववैद्यकीय कचऱ्याच्या नियमांप्रमाणे एवढ्या दिवसांचा गर्भ पिवळ्या पिशवीत जातो. कागदावर त्याचे नाव 'कचरा'. आईच्या मनात मात्र त्याचे नाव कधीच ठरलेले असते.

न विचारता घेतल्याचीही उदाहरणे आहेत. १९६२ साली फिलाडेल्फियात लिओनार्ड हेफ्लिक यांनी स्वीडनमधल्या एका गर्भाच्या फुप्फुसांतून पेशी वाढवल्या. त्यांच्या आधाराने पुढे रुबेलाची लस तयार झाली. गरोदरपणी रुबेला झाला तर गर्भ पडू शकतो, मूल बहिरे किंवा मोतीबिंदू घेऊन जन्मू शकते. त्या लशीने कितीतरी कुशी राखल्या. पण त्या स्वीडिश बाईची परवानगी कुणी घेतली नव्हती. उपकार मोठा असला, तरी ती उणीव भरून निघत नाही.

संध्याकाळी सुनेला जाग आली. तिने सारे शांतपणे ऐकले. "नाही म्हटलं तर काय करतात?" तिने विचारले. डॉक्टरांनी काही न लपवता सांगितले. "आधी मला एकदा बघू द्या," ती म्हणाली. बराच वेळ ती बघत राहिली. मग तिने सही केली. अक्षर थरथरले होते, पण तिचे होते.

कुणाच्या घरी असा प्रसंग येऊ नये. आलाच, तर कागद कशाचा, ऊती कुठे जाणार, नकार दिला तर काय, एवढे तिला कळू द्या आणि आपण पेन मिटून ठेवा.

परवा भाजी निवडताना ती एकदम म्हणाली, "आई, त्या दिवशी एका तरी माणसानं मला आई समजून विचारलं."

मी खाली मान घालून मेथी खुडत राहिले.